समोर सीबी आहे: वैमानिक वादळी ढग कसा टाळतात

वादळी ढगाबाबत वैमानिकाला शिकवला जाणारा नियम चार शब्दांत संपतो: त्याच्या आत जायचं नाही. विमान सत्तर आसनांचं असो वा चारशे, नियम तोच. प्रवासी विमान भक्कम असतं हे खरं, पण ती ताकद चुकून आत सापडल्यावर सुखरूप बाहेर पडता यावं म्हणून राखून ठेवलेली असते. त्यामुळे ढगाशी झुंज वगैरे प्रकार नसतो. काम वादळापासून ऐंशी-शंभर मैलांवर सुरू होतं आणि चाळीस मैलांवर निर्णय झालेला असावा लागतो. यातली मेख अशी, की ज्या रडारच्या भरवशावर हे सगळं चालतं ते मुळात ढग दाखवतच नाही. ते पाणी दाखवतं. (इथे मैल म्हणजे सागरी मैल, साधारण १.८५ किलोमीटर.)

आत असतं काय

या ढगाचं शास्त्रीय नाव क्युम्युलोनिम्बस. कॉकपिटमध्ये त्याला नुसतं ‘सीबी’ म्हणतात. दमट, तापलेली हवा वर चढते, थंड होते, वाफेचं पाणी होतं आणि त्यात सुटलेली उष्णता त्याच हवेला आणखी वर ढकलते. हे चक्र जोरात चाललं की ढगाचा माथा उष्ण कटिबंधात ५०,००० फुटांच्याही वर जातो. प्रवासी जेट विमानं साधारण ३३,००० ते ४१,००० फुटांवर उडतात, म्हणजे ढगाच्या वरच्या अर्ध्या भागातून. माथ्यापर्यंत पोचलेली हवा पुढे चढू शकत नाही, म्हणून वाऱ्याच्या दिशेने आडवी पसरते आणि ढगाला ऐरणीसारखा सपाट माथा येतो.

जोरदार ढगात वर जाणारा झोत मिनिटाला ६,००० फुटांहून जास्त वेगाने चढतो आणि त्याला खेटूनच खाली कोसळणारा झोत असतो. भरलेलं जेट विमान त्या उंचीवर स्वतःच्या ताकदीने मिनिटाला हजार फूट चढलं तरी पुष्कळ. म्हणजे ढगाने उचललं किंवा आपटलं तर इंजिनांच्या जोरावर त्याला उत्तर देता येत नाही. शिवाय शून्याखाली तापमान असूनही न गोठलेलं पाणी आत असतं. पंखाला किंवा इंजिनाच्या तोंडाला लागताक्षणी ते गोठतं. त्यात गारा आणि विजा.

यातली वीज सगळ्यात भीतिदायक वाटते, पण वैमानिकाच्या यादीत ती बरीच खाली असते. प्रत्येक प्रवासी विमानाला सरासरी वर्षातून एकदा वीज लागते. प्रवाह बाहेरच्या धातूच्या कवचावरून वाहून दुसऱ्या टोकाने निघून जातो. हल्लीच्या कार्बन फायबरच्या विमानांत त्यासाठी पृष्ठभागाखाली तांब्यासारख्या धातूची बारीक जाळी घातलेली असते. ८ डिसेंबर १९६३ रोजी अमेरिकेत एल्कटनजवळ पॅन अ‍ॅमचं बोइंग ७०७ विजेने इंधनाची वाफ पेटून कोसळलं आणि ८१ जण गेले. इंधनाच्या टाक्यांचं विजेपासून संरक्षण करण्याचे नियम त्यानंतर कडक झाले. आज वैमानिकाला चिंता असते ती झटक्यांची, गारांची आणि बर्फाची.

रडार म्हणजे कॅमेरा नव्हे

विमानाच्या नाकाचं टोक धातूचं नसतं. रेडिओ लहरी आरपार जाव्यात म्हणून ते फायबरग्लाससारख्या पदार्थाचं असतं. त्याला रेडोम म्हणतात. त्याच्या आत जेमतेम पाऊण मीटर व्यासाची चपटी अँटेना डावी-उजवीकडे फिरत असते. ती सुमारे ३ सेंटिमीटर लांबीच्या लहरी पाठवते आणि परत आलेल्या प्रतिध्वनीच्या जोरावरून पडद्यावर रंग उमटतो: हलका पाऊस हिरवा, मध्यम पिवळा, जोरदार लाल. पाण्याचे थेंब जितक्या वेगाने इकडेतिकडे हलताहेत तितका धक्क्यांचा धोका जास्त. असा भाग जवळच्या टप्प्यात, साधारण चाळीस मैलांच्या आत, किरमिजी रंगात दिसतो.

हिरवा, पिवळा, लाल हे रंग पावसाचे आहेत, धोक्याचे नाहीत. या लहरींना पाण्याचे थेंब उत्तम दिसतात, पाण्याने माखलेल्या गाराही झकास दिसतात. पण कोरडा बर्फ, हिमकण, कोरड्या गारा फार कमी प्रतिध्वनी देतात आणि ढगाचा वरचा भाग नेमका त्यांनीच भरलेला असतो. म्हणजे ३५,००० फुटांवरून उडणाऱ्या विमानाने नाकासमोर सरळ रडार रोखलं, तर जिथून आपण जाणार तिथलाच ढग दिसणार नाही. म्हणून अँटेना थोडी खाली झुकवून ढगाच्या ओल्या पोटाकडे बघावं लागतं आणि पोट लाल दिसलं की डोकंही वाईट असणार, असा अंदाज बांधावा लागतो. या झुकवण्याला ‘टिल्ट’ म्हणतात. रडार वापरण्याची निम्मी कला टिल्टमध्ये आहे.

गणित सोपं आहे: अंश गुणिले मैल गुणिले शंभर, की उत्तर फुटांत. झोत टॉर्चच्या उजेडासारखा पुढे पुढे रुंद होत जातो आणि त्याची रुंदी साधारण साडेतीन अंश असते. समजा विमान ३५,००० फुटांवर आहे, ढग ८० मैलांवर आहे आणि टिल्ट खाली दीड अंश आहे. दीड गुणिले ८० गुणिले १०० म्हणजे १२,०००; झोताचा मध्य २३,००० फुटांवर पडला. ८० मैलांवर झोत २८,००० फूट जाड झालेला असतो, म्हणजे तो ९,००० पासून ३७,००० फुटांपर्यंतचा पट्टा झाकतो. उष्ण कटिबंधात शून्य अंशाची पातळी १६,००० फुटांच्या आसपास असते. ती या पट्ट्यात आली, ढगाचं ओलं पोट सापडलं, पडद्यावर लाल ठिपका उमटला.

आता टिल्टला हात न लावता विमान पुढे जाऊ द्या. ढग ४० मैलांवर आला. त्याच दीड अंशाला मध्य आता फक्त ६,००० फूट खाली, म्हणजे २९,००० फुटांवर. झोताची जाडी निम्मी झाली. तो २२,००० ते ३६,००० एवढाच भाग बघतोय आणि तिथे बहुतेक बर्फच आहे. लाल ठिपका आधी पिवळा होतो, मग हिरवा, मग कधीकधी गायब. ढग मुळीच विरलेला नसतो. झोत त्याच्या पोटावरून सरकून डोक्यावर गेलेला असतो. नवख्या वैमानिकाला हे ‘विझणारं’ वादळ हमखास फसवतं. म्हणून जवळ जाताना टिल्ट आणखी खाली करत राहायचा: ४० मैलांवर साडेतीन अंश केला, की मध्य पुन्हा २१,००० फुटांवर येतो आणि लाल परत दिसू लागतो.

नव्या रडारांमध्ये, हनीवेल किंवा कॉलिन्स एरोस्पेसच्या अलीकडच्या संचांमध्ये, ही कसरत यंत्र स्वतः करतं. वेगवेगळ्या कोनांतून बघून एक जुळवलेलं चित्र दाखवतं. सोय मोठी आहे. तरी शंका आली की टिल्ट हाताने घेऊन तपासता यायला हवा, कारण बर्फ दिसत नाही ही भौतिकशास्त्राची अडचण आहे आणि कुठल्याही सॉफ्टवेअरने ती पूर्ण सुटत नाही.

दुसरा सापळा सावलीचा. समोरचा पाऊस फार दाट असेल तर लहरी त्यातच खर्ची पडतात. मागे काय आहे ते पाहून परत येण्याइतका जोर उरत नाही आणि पडद्यावर त्या पावसामागे काळी, रिकामी जागा दिसते. रिकामी म्हणजे मोकळी, असा अर्थ कुणी काढला तर घात होतो. ४ एप्रिल १९७७ रोजी सदर्न एअरवेजचं डीसी-९ अमेरिकेत जॉर्जियावरून उडताना असंच वादळाच्या सगळ्यात वाईट भागात शिरलं. पाऊस आणि गारांनी दोन्ही इंजिनं निकामी झाली, समोरची काच तडकली आणि विमान महामार्गावर उतरवण्याच्या प्रयत्नात ७२ जणांचा जीव गेला. त्यांत ९ जण जमिनीवरचे होते. चौकशीत बोट ठेवलं गेलं ते वादळातून वाट शोधण्यासाठी विमानातल्या रडारवर विसंबण्यावर. रडार वादळ टाळण्यासाठी आहे, त्यातून रस्ता काढण्यासाठी नाही. दाट लाल भागामागची काळी जागा ही सगळ्यात वाईट जागा समजायची.

रंगांइतकाच आकारही बोलतो. आकडीसारखं वळण, बाहेर आलेलं बोट, इंग्रजी यू अक्षरासारखी खोबण, दातेरी कडा: असं काही दिसलं की आत गारा असू शकतात. हिरव्यापासून लालपर्यंत रंग फार थोड्या अंतरात बदलत असतील, तर तिथे झटके जोरदार. समुद्रावरचे ढग जमिनीवरच्या तेवढ्याच उंचीच्या ढगांपेक्षा कमी प्रतिध्वनी देतात. त्यामुळे समुद्रावरचा पिवळा रंगही जपून घ्यायचा.

किती दूर, कोणत्या बाजूने

जोरदार ढगापासून किमान २० मैल लांब राहायचं. दोन मोठ्या ढगांच्या मधून जायचं असेल तर मधली फट किमान ४० मैलांची हवी, म्हणजे दोन्हीकडे २० सुटतात. बाजू निवडायची ती वारा येतो ती. ऐरण ज्या दिशेला पसरलीय त्या दिशेला वारा वाहतो आणि गाराही तिकडेच फेकल्या जातात. ढगाबाहेर, ऐरणीखालच्या कोरड्या दिसणाऱ्या हवेतही गारांचा मारा बसलेला आहे. म्हणून वाऱ्याच्या वरच्या अंगाने वळसा घालायचा आणि ऐरणीखालून जायचं टाळायचं.

वरून का जात नाहीत, हा हमखास येणारा प्रश्न. माथ्यावर जेवढा वारा असेल त्यातल्या दर १० नॉटला (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) १,००० फूट अंतर राखायचं, असा अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाचा सल्ला आहे. ५० नॉट वारा असेल तर माथ्यापेक्षा ५,००० फूट वर. माथा ४५,००० फुटांवर असेल तर बहुतेक प्रवासी विमानांना हे जमतच नाही. शिवाय विमान आपल्या कमाल उंचीजवळ गेलं, की फार हळू आणि फार जलद या दोन मर्यादांमधलं अंतर अगदी थोडं उरतं. तिथे झटका बसला तर चुकायला जागा राहत नाही. वाढता ढग मिनिटाला काही हजार फूट वर येऊ शकतो ही वेगळीच अडचण.

२१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला जाणारं सिंगापूर एअरलाइन्सचं बोइंग ७७७ दक्षिण म्यानमारवर ३७,००० फुटांवर होतं. चौकशीच्या प्राथमिक माहितीनुसार ते बहुधा वाढत्या ढगांच्या भागावरून जात होतं. पट्टे बांधण्याची सूचना लागल्याचं वैमानिकाने म्हटलं आणि आठ सेकंदांत विमानातली माणसं उणे दीड जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या दीडपट, पण उलट दिशेच्या) झटक्याने छताकडे फेकली गेली. विमान साडेचार सेकंदांत खाली आलं ते फक्त १७८ फूट. एका प्रवाशाचा मृत्यू झाला, अनेक जण जखमी झाले. उंची किती गमावली यापेक्षा झटका किती झपाट्याने उलटला यावर इजा ठरते. सूचना नसतानाही बसल्या जागी पट्टा बांधून ठेवा, असं केबिन क्रू दर वेळी का सांगतात ते या आठ सेकंदांत कळतं.

लवकर वळण्याचा हिशेब पाहा. जेट विमान मिनिटाला साधारण ८ मैल कापतं, म्हणजे ८० मैल म्हणजे १० मिनिटं आणि ४० मैल म्हणजे ५. ढगाच्या १०० मैल आधी बाजूला सरकायला सुरुवात केली आणि ढगाशी पोचेपर्यंत २० मैल बाजूला झालात, तर जास्तीचं अंतर होतं फक्त २ मैल. पलीकडे परत मार्गावर येताना आणखी २. एकूण अर्धा मिनिट. एअरबस ए३२०च्या आकाराच्या विमानाला वीसेक किलो इंधन. प्रवाशांना कळतही नाही. उलट २० मैलांवर आल्यावर शहाणपण सुचलं तर ४५ अंशांत वळावं लागतं, आणि त्या वेगाला २५ अंश कलून वळणाऱ्या विमानाच्या वळणाची त्रिज्याच सात मैलांवर असते. म्हणजे वळण पूर्ण होईपर्यंत ढग दारात.

वळायचं तर नियंत्रकाची परवानगी लागते, कारण शेजारच्या मार्गावर दुसरी विमानं असतात. विनंतीत तीन गोष्टी येतात: हवामानामुळे, कोणत्या बाजूला, किती मैल. ‘थोडं डावीकडे’ असं कुणी म्हणत नाही. ही विनंतीही लवकर केलेली बरी, कारण नियंत्रकाला आधी इतरांना सरकवायचं असतं, आणि कधी लष्करी हद्द किंवा शेजारच्या देशाची सीमा आड येते. महासागरावर संपर्क वेळेत झालाच नाही, तर आंतरराष्ट्रीय नियम ठरलेला आहे. वैमानिक वळतो, रेडिओवर सगळ्यांना सांगतो, बाहेरचे दिवे लावतो. मार्गापासून ५ मैलांहून जास्त सरकायचं असेल, तर ५ मैलांवर पोचल्यावर मार्गाच्या दक्षिणेला असल्यास ३०० फूट वर आणि उत्तरेला असल्यास ३०० फूट खाली जायचं. सगळे हाच नियम पाळतात, म्हणून कुणी कुणाच्या उंचीवर येत नाही.

तरीही आत सापडलात तर

इतर ढगांत दडलेला सीबी डोळ्यांना दिसत नाही, रात्री तर नाहीच. झटके सुरू होण्याची चिन्हं दिसली की पट्ट्यांची सूचना, केबिन क्रूला जागेवर बसायला सांगणं, इंजिनांचं इग्निशन चालू, इंजिनांचं बर्फरोधक चालू. रात्र असेल तर कॉकपिटमधले दिवे पूर्ण प्रखर, म्हणजे शेजारी वीज चमकली तरी डोळे दिपत नाहीत. वेग त्या विमानासाठी ठरवलेल्या मर्यादेवर आणायचा: बोइंग ७३७च्या नव्या पिढीत २८० नॉट किंवा माख ०.७६ (ध्वनीच्या वेगाच्या ०.७६ पट), यातला जो कमी असेल तो. वेग जास्त तर सांगाड्यावर ताण, कमी तर पंखांची उचल तुटण्याची भीती. हा आकडा त्या दोहोंच्या मधला आहे.

त्यानंतर विमानाचं नाक आणि पंख जागेवर धरायचे आणि उंचीच्या मागे लागायचं नाही. झोताने ५०० फूट वर उचललं तर उचलू द्यायचं. ते दुरुस्त करायला नाक खाली दाबलं आणि त्याच क्षणी खाली जाणारा झोत लागला, तर ताण आणखी वाढतो. हे काम ऑटोपायलट माणसापेक्षा शांतपणे करतो म्हणून तो शक्यतो चालूच ठेवतात. मागे वळायचं नाही. वळण्यात ढगातला वेळ वाढतो, आणि कललेल्या विमानावर आधीच जास्त भार असतो. सरळ पार जाणं बहुधा सगळ्यात जवळचं असतं.

खाली उतरताना एक वेगळा धोका असतो. उतरताना इंजिनं अगदी मंद फिरत असतात आणि मंद इंजिनाला पाणी व गारा पचत नाहीत. २४ मे १९८८ रोजी टाका एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ची दोन्ही इंजिनं न्यू ऑर्लिन्सजवळ अशीच विझली. वैमानिकांनी विमान एका बांधालगतच्या गवतावर उतरवलं आणि सगळे वाचले. त्या इंजिनांची रचना नंतर बदलली. तरीही १६ जानेवारी २००२ रोजी इंडोनेशियात गरुडा या विमान कंपनीचं ७३७ त्याच कारणाने नदीत उतरवावं लागलं आणि केबिन क्रूमधील एकीचा मृत्यू झाला. मुसळधार पावसात उतरताना इंजिनं अगदी मंद ठेवू नयेत, ही सूचना यातूनच आलेली.

वरच्या उंचीवर बर्फाचे स्फटिक त्रास देतात. रडारवर जेमतेम हिरवं, बाहेर मात्र काचेवर पाऊस पडल्यासारखा आवाज, आणि बाहेरचं तापमान दाखवणारा काटा अचानक शून्यावर येऊन चिकटतो. ही स्फटिकांत शिरल्याची खूण. वेग मोजणाऱ्या पिटो नळ्या त्यांनी बुजतात. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सच्या रिओ–पॅरिस एअरबस ए३३० विमानात हेच घडलं. वेगाचे आकडे मिनिटभराहूनही कमी काळ चुकले होते, पण गोंधळात नाक वर ओढलं जाऊन पंखांची उचल तुटली आणि २२८ जण गेले. अशा वेळी वेग विसरायचा आणि ठरलेला नाकाचा कोन नि ठरलेली इंजिनांची ताकद लावायची. एअरबसच्या या कुटुंबात १०,००० फुटांच्या वर तो कोन ५ अंश आहे. एअर फ्रान्सच्या त्या अपघातानंतर सराव-यंत्रावर हा प्रसंग उंचीवरही घोटवून घेतला जाऊ लागला.

धावपट्टीजवळचा ढग

धावपट्टीवर ढग असेल तर उत्तर एकच: थांबा. एका ढगाचं आयुष्य बहुधा अर्धा ते एक तास असतं, त्यामुळे हवेत घिरट्या घालायला किंवा दुसरीकडे जायला इंधन असेल तर बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात. निघण्यापूर्वी अंदाज पाहून जास्तीचं इंधन भरतात ते यासाठीच.

घाई केली तर गाठ पडते मायक्रोबर्स्टशी. ढगातून थंड हवेचा लोट कोसळतो, जमिनीवर आपटून चारी दिशांना पसरतो. व्यास चार किलोमीटरहून कमी, आयुष्य पाच ते पंधरा मिनिटं. उतरणाऱ्या विमानाला आधी समोरून जोराचा वारा लागतो, वेग वाढतो, वैमानिक इंजिनं मंद करतो. पुढच्याच क्षणी वरून दाब आणि मग पाठीमागून वारा. वेग कोसळतो तेव्हा इंजिनं मंद असतात आणि जमीन जवळ. २ ऑगस्ट १९८५ रोजी डॅलसमध्ये डेल्टा एअर लाइन्सचं ट्रायस्टार विमान असंच पडलं, १३७ जण गेले. आता रडारच धावपट्टीसमोरच्या पाच मैलांतल्या वाऱ्यातली उलथापालथ मोजून आधी बजावतं. इशारा मिळाला की पूर्ण ताकद, नाक वर, पंख सपाट. चाकं आत घ्यायची नाहीत, कारण त्यांची दारं उघडताना हवेचा रोध आणखी वाढतो. शिवाय जमीन लागलीच तर चाकं बाहेर असलेली बरी.

विमान उतरल्यावर कामगिरी तंत्रज्ञांकडे जाते. वीज लागली असेल तर प्रवाह शिरल्याच्या आणि निघाल्याच्या जागा शोधतात: नाकाशी किंवा पंखाच्या टोकाला नखाएवढे जळके ठिपके, शेपटीजवळ वितळलेली रिव्हेटची डोकी. गारांचा मार बसला असेल तर पंखांच्या पुढच्या कडा, इंजिनांची पाती आणि रेडोम बारकाईने तपासतात. रेडोमला केसाएवढी चीर गेली तरी दुर्लक्ष करत नाहीत. तिच्यातून पाणी आत मुरलं की ते रडारच्या लहरी शोषतं आणि पुढच्या उड्डाणात लाल ढग पिवळा दिसतो.